लेक निघाली 'काथोलिके' विद्यापीठात, सासूबाईंना काय सांगू?

मृण्मयी_कोथरूड | १८ जुलै २०२५, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेकीला बेल्जियममधल्या लूव्हनच्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला. मटेरिअल्स इंजिनिअरिंग. पेढे वाटून झाले. आमच्याकडे असं महत्त्वाचं पत्र आलं की छापून देवापुढे ठेवतात. तसं ठेवलं आणि तिथेच घोळ झाला. सासूबाई समोर येईल ते वाचतात, अगदी औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा. त्यांनी 'काथोलिके' हा शब्द बरोब्बर हेरला. "म्हणजे मिशनऱ्यांचं कॉलेज का गं? रोज चर्चमध्ये जावं लागणार का तिला?" तेव्हापासून घरात कुणी मोठ्याने हसत नाहीये.

गंमत म्हणजे माझा नवरा पहिलीपासून कॅम्पातल्या सेंट व्हिन्सेंटमध्ये शिकला. जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) फादरांच्या त्या शाळेच्या फॉर्मसाठी याच सासूबाई पहाटे रांगेत उभ्या होत्या. हे मी बोलले नाही. बोलले असते तर हा धागा काढायला मी शिल्लक राहिले नसते.

तर जाणकारांनो, कॅथलिक विद्यापीठ म्हणजे नक्की काय? पोप चालवतो का? प्रार्थना सक्तीची असते का? आणि डिग्रीवर काही शिक्का बसतो का? (हा शेवटचा प्रश्न नवऱ्याचा.)

पेठेतला_बाब्या | १८ जुलै, रात्री ११.०४

रविवारी चर्चमध्ये बेल्जियन लोकच फारसे जात नाहीत, तुमच्या लेकीला कोण ओढून नेणार? काळजी करायचीच असेल तर दुसऱ्या गोष्टीची करा. स्टेला आर्टुआ ही बिअर त्याच गावची.

मृण्मयी_कोथरूड | १८ जुलै, रात्री ११.०९

बाब्या, हा प्रतिसाद मी सासूबाईंना दाखवणार नाहीये.

लूव्हनवासी | १९ जुलै, पहाटे २.३१

मी तिथे पीएचडी केली, म्हणून थोडं लिहितो.

चर्च सक्तीचं नाही, प्रार्थना सक्तीची नाही, अर्ज करताना धर्म विचारत नाहीत. पदवीच्या मुलांना धर्म आणि जीवनदृष्टी अशा धाटणीचा एक विषय असतो, पण तो तत्त्वज्ञानाच्या अंगाने शिकवतात. माझ्या प्रयोगशाळेत दोन इराणी, एक चिनी, एक केरळी आणि मी. गाइड नास्तिक. त्या चमूत देवाचं नाव घ्यायचो तो मीच, तेही मशीन बंद पडलं की.

विद्यापीठाचा कारभार मुख्यत्वे फ्लेमिश सरकारच्या पैशावर चालतो. हल्ली ते स्वतःही नुसतं 'केयू लूव्हन' लिहितात, लांबलचक नाव औपचारिक कागदावर राहिलंय. चर्चला आयव्हीएफ मान्य नाही, तरी विद्यापीठाच्या रुग्णालयात वंध्यत्वावरच्या उपचारांचं केंद्र आहे. यावरून काय ते समजा.

शिक्का मात्र आहे बरं का. विद्यापीठाच्या बोधचिन्हात बाळाला मांडीवर घेऊन बसलेली मेरी आहे आणि तिचं लॅटिन बिरुद 'सेडेस सापिएन्टिए', म्हणजे ज्ञानाचं आसन. सासूबाईंना म्हणा, त्यांची सरस्वती समजा.

महत्त्वाची सूचना: तिकीट काढताना गाव नीट वाचा. 'लूव्हन' आणि 'लूव्हँ-ला-नव्ह' ही दोन वेगळी गावं आहेत, दोन्हीकडे कॅथलिक विद्यापीठ आहे, आणि दोघंही स्थापनेचं साल १४२५ च सांगतात. आमच्या वेळी एक पोरगा बॅगा घेऊन चुकीच्या गावात उतरला होता.

कोडगा | १९ जुलै, सकाळी ९.१५

एकाच नावाची दोन विद्यापीठं, एकच जन्मसाल? गिटमध्ये फोर्क मारलाय की काय?

खडूस_काकू | १९ जुलै, दुपारी १२.४०

कोडगा, तुझ्या भाषेत फोर्क, आमच्या भाषेत वाटणी. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय, त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावं.

पोप पाचवा मार्टिन याने १४२५ मध्ये आज्ञापत्र काढलं आणि लूव्हनला विद्यापीठ झालं. त्या काळी युरोपात विद्यापीठ काढायचं तर पोपचं किंवा सम्राटाचं पत्र लागायचं. त्याशिवाय तिथल्या पदवीला दुसऱ्या राज्यात कोण विचारणार? तेव्हा 'पोपचं विद्यापीठ' याचा अर्थ पुष्कळदा 'सगळीकडे मान्यता असलेलं' एवढाच. आपल्याकडे यूजीसीचा शिक्का बघतात ना, तसं. नकाशाला स्वतःचं नाव देऊन गेलेला मर्केटर आणि शरीररचनाशास्त्राचा वेसालिअस हे दोघं तिथलेच विद्यार्थी. १७९७ मध्ये फ्रेंच राजवटीने ते बंद केलं आणि १८३४ मध्ये बिशप मंडळींनी पुन्हा उभं केलं. म्हणजे यंदाचा सहाशेवा वाढदिवस हा मधली सदतीस वर्षं गिळून साजरा होतोय.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने गाव जाळलं, त्यात ग्रंथालयही गेलं. सुमारे ३ लाख ग्रंथ. जगभर इतका संताप झाला की व्हर्सायच्या तहात २४७ वं कलम खास यासाठी घातलं: जर्मनीने पुस्तकं भरून द्यायची. अमेरिकन लोकांच्या देणग्यांतून नवी इमारत झाली आणि मे १९४० मध्ये तीही जळाली.

आता वाटणी. ही आपल्या लोकांना चटकन कळेल, कारण भाषेवरून आपणही कमी रक्त सांडलेलं नाही. लूव्हन डच भाषकांच्या मुलखात, पण विद्यापीठात फ्रेंच विभागही होते आणि फ्रेंच ही साहेबी थाटाची भाषा. डच भाषक विद्यार्थी 'वालन बाउटन' म्हणजे 'वालून (फ्रेंच भाषक) लोक, बाहेर व्हा' अशा घोषणा देत रस्त्यावर उतरले. बिशप मंडळींनी १९६६ मध्ये बजावलं, विद्यापीठ एकच राहील. कुणी ऐकलं नाही. कॅथलिक पोरांनी कॅथलिक बिशपांच्या विरोधात मोर्चे काढले. फेब्रुवारी १९६८ मध्ये या प्रश्नावरून देशाचं सरकार पडलं आणि विद्यापीठ दुभंगलं. फ्रेंच शाखेसाठी वीस-पंचवीस किलोमीटरवर शेतजमिनीत नवं गाव वसवलं. १९७१ मध्ये पहिला दगड बसला. तेच ते लूव्हँ-ला-नव्ह, 'नवं लूव्हन'.

ग्रंथालयाची वाटणी कशी केली असेल? क्रमांकाने. विषम क्रमांकाचे ग्रंथ एकाकडे, सम दुसऱ्याकडे. भावकीत परात एकाला आणि तिचं झाकण दुसऱ्याला जातं तसं. दोनदा आगीतून गेलेल्या ग्रंथालयाचं हे तिसरं मरण, असं मी वर्गात सांगायचे आणि पोरं हसायची. मला हसू यायचं नाही.

ताकाला_जाऊन | १९ जुलै, दुपारी १.२२

काकू, इतिहास छान, पण मुद्दा बाजूला राहिला. ही सगळी धर्मप्रसाराची साधनं. शिक्षण हे भांडं, आत काय आहे ते बघा. आपल्याकडची यांची कॉलेजं तरी कुणाच्या जिवावर चालतात?

पेठेतला_बाब्या | १९ जुलै, दुपारी १.३०

आयडी सार्थ केलात. ताक मागायला आलात आणि भांडं दाखवलंत.

वसईचा_केळीवाला | १९ जुलै, रात्री ८.०५

मी वसईचा कॅथलिक. घरी मराठी, मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत, भांडणं आमच्या बोलीत. त्यामुळे ताकसाहेबांना मी उत्तर देतो, रागावून नाही.

पहिलं कायद्याचं. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय. सरकार त्यात कुठवर हात घालू शकतं, याचा मोठा निकाल १९७४ चा, अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यातला, नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा. हक्क मान्य केला आणि दर्जा राखण्यासाठी नियम घालायची सरकारची मुभाही. मुंबईचं झेवियर्स १८६९ चं. दीडशे वर्षांत तिथून बाहेर पडलेली किती माणसं बाप्तिस्मा घेऊन बाहेर पडली, ते तुमच्याच नातेवाइकांत मोजा.

दुसरं, 'कॅथलिक विद्यापीठ' ही एक वस्तू नाही, इथेच सगळ्यांची गल्लत होते. एक असतं ते खास चर्चचं: तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, पदवी रोमच्या अधिकारात, विद्यार्थी बहुतेक फादर-सिस्टर. असं तुम्हाला बघायचं असेल तर बेल्जियमला जायची गरज नाही. कोथरूडहून वनाझला मेट्रोत बसा आणि शेवटच्या रामवाडी स्टेशनला उतरा. नगर रोडवरचं ज्ञानदीप विद्यापीठ तेच. पोप तेराव्या लिओने १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सेमिनरी (पाद्री घडवणारी शाळा) काढली, ती १९५५ मध्ये पुण्यात आली. आमच्या गावचे कितीतरी फादर तिथे शिकले. तिथे वेदान्त आणि बौद्ध दर्शनही अभ्यासतात. अख्ख्या पुण्यात पोपच्या मान्यतेची संस्था आहे हे निम्म्या पुण्याला ठाऊक नाही. पुणेकरांना ठाऊक नसलेली गोष्ट सापडली म्हणून मी जरा खूश आहे.

बाकीची विद्यापीठं म्हणजे नेहमीचीच. इंजिनिअरिंग, मेडिकल, कायदा. कुठे एखाद्या संघाची (जेझुइट, डॉमिनिकन, आणखी कुणी), कुठे बिशप मंडळाची, कुठे नुसतं नाव उरलेलं. आणि या नावावरून रोमशीच भांडणं होतात. पेरूतल्या लिमा शहरातल्या विद्यापीठाला व्हॅटिकनने २०१२ मध्ये सांगितलं, 'पाँटिफिकल' (म्हणजे पोपचं) आणि 'कॅथलिक' हे दोन्ही शब्द काढा. विद्यापीठाने काढले नाहीत. २०१६ मध्ये समेट झाला. नेदरलँडमधल्या राडबाउड विद्यापीठाचं उलट. १९२३ मध्ये कॅथलिक म्हणूनच निघालं, पण नियामक मंडळावर कुणाला नेमायचं यावरून बिशपांशी बिनसलं आणि २०२० मध्ये बिशपांनीच कॅथलिक हे बिरुद काढून घेतलं. वर्ग दुसऱ्या दिवशीही भरले.

तेव्हा मृण्मयीताई, कुठल्याही विद्यापीठाबद्दल दोनच गोष्टी विचारा: पगार कोण देतं आणि कुलगुरू कोण नेमतं. नावाची पाटी वाचून काही कळत नाही.

लूव्हनवासी | १९ जुलै, रात्री ९.४८

केळीवाले, +१. भर घालतो. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये पोप फ्रान्सिस सहाशे वर्षांच्या निमित्ताने दोन्ही लूव्हनला आले होते. फ्रेंच लूव्हनमध्ये ते स्त्रियांच्या भूमिकेबद्दल बोलले, आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच विद्यापीठाने पत्रक काढलं: आम्हाला ही मतं मान्य नाहीत. ज्या विद्यापीठात पाहुण्या पोपला असं ऐकवतात, तिथे तुमच्या लेकीला कोण काय सक्ती करणार?

न्यूजर्सीची_नणंद | २० जुलै, पहाटे ५.१०

अमेरिकेतलं चित्र निराळं, म्हणून लिहिते. इथली बहुतेक खाजगी, फी ऐकून घेरी येते. कॅथलिक ओळखही बेल्जियमपेक्षा ठळक. माझा मुलगा नोत्र दामला होता. हे १८४२ चं, मुलींना प्रवेश थेट १९७२ पासून. कुठल्याही शाखेत जा, थिऑलॉजीचे आणि तत्त्वज्ञानाचे पेपर घ्यावेच लागतात. आम्ही आधी नाक मुरडलं. पण पोरगा सुट्टीत आला आणि सेंट ऑगस्टिनवरून त्याच्या आजोबांशी ज्ञानेश्वरी घेऊन भांडायला बसला. त्याआधी त्या दोघांत 'जेवलास का' यापलीकडे संवाद नव्हता.

जॉर्जटाउनमध्ये मुस्लीम धर्मगुरू १९९९ पासून आहेत आणि हिंदू २०१६ पासून. दिवाळी होते. पण सगळं गोड नाही. त्याच जॉर्जटाउनच्या जेझुइटांनी १८३८ मध्ये कर्ज फेडायला २७२ गुलाम माणसं लुइझियानाला विकली. बायका, तान्ही मुलं धरून. २०१६ मध्ये विद्यापीठ म्हणालं, वंशजांना प्रवेशात विशेष विचार देऊ, आणि २०१७ मध्ये विद्यापीठाने आणि जेझुइटांनी जाहीर माफी मागितली. माफीने काय होतं, हा वेगळा प्रश्न. पण कागदपत्रं दडवली नाहीत.

हो, आणि यंदा मे महिन्यात निवडून आलेले पोप चौदावे लिओ हे फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हा या कॅथलिक विद्यापीठाचे १९७७ चे पदवीधर. विषय गणित! सासूबाईंना हे सांगून बघा, आपल्याकडे गणितवाल्याला आपोआप मान मिळतो.

ताकाला_जाऊन | २० जुलै, सकाळी १०.०२

गुलाम विकणाऱ्यांचं कौतुक चालू द्या. मी एवढंच म्हणतोय की पैसा आणि सत्ता असेल तिथे ही मंडळी असतात.

खडूस_काकू | २० जुलै, सकाळी ११.२६

असतात. चिलीच्या कॅथलिक विद्यापीठाने १९५६ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाशी करार केला, तिथून शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांनी पुढे पिनोशेच्या हुकूमशाहीची आर्थिक धोरणं आखली. ते तुमच्या बाजूचं उदाहरण, घ्या.

आता दुसऱ्या बाजूचं. एल साल्वादोर, १६ नोव्हेंबर १९८९. यादवी चालू होती. तिथल्या जेझुइट विद्यापीठाचे कुलगुरू इग्नासिओ एयाकुरिया तडजोडीसाठी खटपट करत होते आणि गरिबांची बाजू उघड मांडत होते. पहाटे सैन्याची तुकडी आवारात शिरली. कुलगुरूंसह सहा जेझुइट फादर, त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाई आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी, सगळ्यांना गोळ्या घातल्या. साक्षीदार नकोत म्हणून त्या मायलेकींनाही. त्या दोघी रात्री तिथे राहिल्या होत्या कारण घरी राहणं धोक्याचं वाटलं होतं.

सत्तेच्या मांडीवर बसणारेही तेच आणि सत्तेची गोळी खाणारेही तेच. निकारागुआत तर २०२३ मध्ये सरकारने जेझुइट विद्यापीठच ताब्यात घेतलं. एका वाक्यात बसवायचं असेल तर तुम्ही बसवा, मला जमत नाही.

कोडगा | २० जुलै, सकाळी ११.५५

वातावरण गंभीर झालंय, म्हणून माझी चिल्लर भर. गेममध्ये स्क्रिप्टिंगसाठी वापरतात ती 'लुआ' भाषा १९९३ मध्ये रिओच्या पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात जन्मली. हिंजवडीत बसून दहा वर्षं ती वापरतोय, बाप्तिस्मा अजून झालेला नाही. चतुर्थी मात्र सुटली, पण त्याला जबाबदार मिसळ आहे.

वसईचा_केळीवाला | २० जुलै, दुपारी ३.१८

कोडगा :-) असं बघायला गेलं तर महास्फोटाची कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा पाद्रीच होता आणि लूव्हनलाच प्राध्यापक. भिंतीवर टांगायचं कॅलेंडर घ्या. १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला, त्यामागची आकडेमोड समजावून देणारा क्लाविउस रोमच्या जेझुइट कॉलेजात गणित शिकवायचा. जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस, त्याने १५५१ मध्ये ते काढलं, तेव्हा फी नव्हती.

आणि बेथलेहेमचं कॅथलिक विद्यापीठ, १९७३ चं. येशूच्या जन्मगावी. तिथे बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. ताकसाहेब, पन्नास वर्षं झाली, अजूनही बहुसंख्यच आहेत.

ताकाला_जाऊन | २० जुलै, दुपारी ३.४०

बरं. बेथलेहेमचं माहीत नव्हतं.

पेठेतला_बाब्या | २० जुलै, दुपारी ३.४१

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. मराठी आंतरजालावर कुणीतरी 'माहीत नव्हतं' म्हटलं.

खडूस_काकू | २० जुलै, सायंकाळी ६.३०

मृण्मयी, इतकं सगळं लिहिलं पण सासूबाईंच्या कामाचं राहूनच गेलं. कामिल बुल्के.

१९०९ मध्ये बेल्जियमच्या डच भाषक भागात जन्मलेला मुलगा. शिकला कुठे, तर लूव्हनला, सिव्हिल इंजिनिअरिंग. मग जेझुइट झाला आणि १९३५ मध्ये भारतात आला. इथे बघतो तर शिकलेली माणसं आपल्याच भाषेत बोलायला लाजतात. मायदेशी फ्रेंचपुढे डचची जी गत होती, तीच इथे इंग्रजीपुढे हिंदीची. ते त्याला लागलं. हिंदी शिकला, संस्कृत शिकला, तुलसीदासांचा भक्त झाला आणि अलाहाबाद विद्यापीठात रामकथेच्या उगमावर आणि विस्तारावर प्रबंध लिहिला. प्रबंध इंग्रजीतच हवा असा तिथे नियम होता. याने हिंदीत लिहायचा हट्ट धरला आणि विद्यापीठाने नियम बदलला. १९५१ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं, रांचीच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवलं, इंग्रजी-हिंदी कोश केला. १९७४ मध्ये पद्मभूषण. हिंदी पट्ट्यात 'बाबा बुल्के' म्हणत त्यांना.

तुमच्या लेकीच्या विद्यापीठातून इंजिनिअर होऊन निघालेला माणूस इथे येऊन रामकथा अभ्यासत बसला, हे सांगा सासूबाईंना.

मृण्मयी_कोथरूड | २२ जुलै, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. वृत्तांत देते.

काल संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर काकूंचा बुल्के यांच्यावरचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "परत वाच, हळू वाच." परत वाचला. मग प्रश्न आला, "लग्न केलं होतं का त्याने?" म्हटलं, नाही हो, फादर होते. "मग आईचं काय झालं असेल गं त्याच्या. एवढ्या लांब."

म्हणजे इतके दिवस चर्च, पोप, मिशनरी हे सगळं वरवरचं होतं. आम्ही तिघं नुसतं बघत राहिलो. लेक उठून आजीजवळ जाऊन बसली. एरवी ती मोबाइलमधून मान वर काढत नाही.

आज सकाळपासून घरात वेगळाच जोर आहे. मेतकूट, भाजणी, तीन प्रकारचे मसाले अशी यादी निघाली आहे, आणि गणपती झाले की दोन आठवड्यांनी निघायचंय. नवऱ्याने हळूच रांगेचा विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "उभी होते. आणि पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर रडलेही होते, ते तुला कुणी सांगितलं नाही."

लूव्हनवासी, आता खरा प्रश्न. तीन लिटरचा शिटीचा कुकर न्यावा, की तिथे मिळतो? हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात शेगडी इंडक्शनची असते का? सासूबाईंना आज रात्रीच उत्तर हवंय.

लूव्हनवासी | २३ जुलै, पहाटे १.५७

माझ्या हॉस्टेलात कॉइलची होती, काही ठिकाणी इंडक्शन असते. तळ दोन्हीवर चालेल असा बघून घ्या. कुकर इथूनच न्या, तिकडचे महाग आणि शिट्टी न वाजणारे. शिवाय रबरी रिंग एक जादा द्या. तिच्यापायी मी एकदा वरण खायला ब्रसेल्सला गेलो होतो.